सातवा डाव संपताना

इलोना चार वर्षांची असताना तिला ताप आला आणि त्या तापानं बर्नी कोव्हाचच्या आयुष्याची माती केली. निदान बर्नीचं म्हणणं तरी तसंच होतं.

दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की कापून झाली की तो सुरी बाजूला ठेवायचा, घसा साफ करायचा आणि "एप्रिलचे दिवस होते," म्हणून सुरुवात करायचा. पाइक्सचा, म्हणजे गावच्या बेसबॉल संघाचा, सामना. पोरीला घेऊन बाप मैदानावर. सातवा डाव सरता सरता पोरीचं अंग तापलं. मग बापानं काय केलं? एका क्षणाचाही विचार न करता तिला उचललं आणि घर गाठलं. आणि इकडे तो कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत असताना तिकडे पाइक्सच्या पिचरनं नो-हिटर पुरा केला. अख्खे नऊ डाव, आणि समोरच्या संघाला एकही धड फटका नाही! माणसं जन्मभर मैदानांच्या पायऱ्या झिजवतात, तरी हा योग येत नाही. बर्नीला आला होता. ताटात वाढलेला. आणि तोंडाशी आलेला घास कुणी काढून घेतला? इथे टेबलावरची सगळी तोंडं इलोनाकडे वळायची.

सुरुवातीला तो ताप नव्याण्णव होता. इलोना शाळेत जाईपर्यंत शंभरावर गेला. कॉलेजात गेली तेव्हा एकशे दोन झाला, आणि तिच्या लग्नात, वधूपित्याच्या भाषणात, एकशे चारला जाऊन टेकला. एवढ्या तापातून ही पोर वाचली कशी, म्हणून नवरदेवाच्या, म्हणजे कर्टिसच्या, एका मावशीनं डोळे पुसले. गोष्ट या टप्प्यावर आली की इलोनाची आई नेमकी उठायची आणि क्रॅनबेरीची चटणी आणायला आत जायची. चटणी टेबलावर असली तरी.

अशा घरात वाढलेली मुलगी काळजी करणारी निघाली तर नवल नाही. इलोना दार लावून तीनदा बघायची, गॅस बंद करून दोनदा. आठ महिन्यांपूर्वी थिया झाल्यापासून तर तिनं या विद्येत जणू पदवीच घेतली होती. डॉक्टरांकडची फोनवरची नर्स आता 'हॅलो'वरूनच तिचा आवाज ओळखायची आणि काही विचारायच्या आत सांगायची, "शंभराच्या वर गेला तर फोन करा, मिसेस व्हेलन. नव्याण्णवला नको."

त्यामुळे बर्नीनं जेव्हा जाहीर केलं की, "नातीची पहिली मॅच या एप्रिलमध्ये, आजोबांतर्फे," तेव्हा इलोनानं मनाशी एकच गोष्ट ठरवली. जगबुडी झाली तरी आपल्या मुलीच्या नावावर कुणाची कसली मॅच हुकता कामा नये. एका घरात एक अपराधी पुरे. मग तिनं पिशवी भरली. दुधाच्या बाटल्या, जास्तीच्या बाटल्या, कपड्यांचे तीन जोड, कानावर बसवायचे आवाजरोधक, सनस्क्रीन, लोकरीची टोपी, थर्मामीटर, आणि थर्मामीटर बिघडला तर दुसरा थर्मामीटर.

"मॅचला चाललीस की चंद्रावर?" कर्टिसनं विचारलं. तो कामावर जाणार होता, त्यामुळे त्याला विनोद सुचत होते.

खरं तर मैदानं इलोनाला नवी नव्हती. बर्नीनं तिला लहानपणापासून सुट्ट्यांत ओहायो, इंडियाना, पेनसिल्व्हेनिया पालथं घालून लहानमोठी एकोणीस मैदानं दाखवली होती. इतर मुलं समुद्र बघायला जायची, ही मक्याच्या शेतांमधून चार-चार तास गाडीत बसून दुसऱ्या गावचं गवत बघायला जायची. खेळ तिला आवडायचा, पण त्याहून जास्त आवडायचे बघायला आलेले लोक. मैदानावर दोन चेंडूंच्या मध्ये इतका वेळ असतो की माणूस एक तर खातो, नाहीतर शेजाऱ्याकडे बघतो. इलोना बघायची. कुठल्या गावचे लोक स्वतःच्याच संघाला पोटच्या पोरासारखे झोडपतात, कुठल्या गावचे नुसते खातात, कुठे नवरा-बायको एक शब्द न बोलता एकाच पुड्यातून शेंगदाणे संपवतात आणि त्यालाच संसार म्हणतात, सगळं ती टिपायची. पुढे कॉलेजात समाजशास्त्र घेतलं आणि 'प्रेक्षकांच्या अंधश्रद्धा' या विषयावर जाडजूड प्रबंध लिहिला. प्राध्यापक खूश झाले. बर्नीनं तो वाचला नाही, पण "मोजे न धुण्याबद्दल लिहिलंस ना?" एवढं विचारून घेतलं.

एकोणीस मैदानं बघून एक गोष्ट मात्र तिनं कधीच बघितली नव्हती. नववा डाव. सातवा संपला की बर्नी उठायचा. हा नियमच होता. उरलेला खेळ गाडीत, रेडिओवर. "तू लहान होतीस, दमायचीस," तो म्हणायचा. "तुझ्यामुळे सवय लागली." हेही पुन्हा तिच्याच खात्यावर.

"जाळीमागे?" आपल्या जागा बघून बर्नी थबकला. "इली, जाळीमागून मॅच बघणं म्हणजे कोंबडीनं खुराड्यातून जग बघणं."

"कोंबडीचं डोकं शाबूत राहतं, डॅड."

"तुझं नाही राहिलं? तुला मी पहिल्या बेसच्या तळाला खेटून बसवायचो. जाळी ना बिळी."

"म्हणूनच मी अशी झाले."

मैदान नवं होतं. जुनं पाडून एरी सरोवराच्या आणखी जवळ बांधलं होतं, म्हणजे एरीवरून येणारा वारा कुठंही न अडखळता थेट हाडांपर्यंत पोचावा. समोर गोदामाएवढा एक फलक होता. त्यावर कोपऱ्यात मुंगीएवढा धावफलक आणि उरलेल्या जागेत सोफ्यांच्या जाहिराती. बर्नीनं त्या फलकावर पहिल्या दिवसापासून बहिष्कार घातला होता. "टीव्हीच बघायचा तर घरी काय वाईट आहे?" असं म्हणून तो मुद्दाम तिरका बसायचा.

शेजारच्या खुर्चीवर डोलोरेस नावाच्या एक बाई होत्या. त्यांची ही जागा कायमची, म्हणजे जुनं मैदान पाडलं तेव्हाही त्याच शेवटी उठल्या असाव्यात. मांडीवर जांभळी घोंगडी, कानात रेडिओचा इअरफोन, हातात शेंगदाणे. पुढच्या रांगेत एक धिप्पाड गडी होता. त्यानं पाइक्सचा शर्ट घातला होता आणि पाठीवर मोठ्या अक्षरात स्वतःचंच नाव छापून घेतलं होतं, रँडल. संघाला कधी माणूस कमी पडला तर शोधाशोध नको.

पहिला चेंडू पडायच्या आत थियानं भोकाड पसरलं.

"भूक लागलीय तिला," डोलोरेस म्हणाल्या.

"आत्ताच पाजलंय."

"मग थंडी वाजतेय."

"तीन थर आहेत अंगात."

"मग उकडतंय."

रँडलनं मागे वळून बघितलं. मांजर आडवं गेल्यावर माणूस बघतो तसं. पाइक्सच्या पिचरनं सलग चार चेंडू बाहेर टाकले आणि समोरचा बॅटर हात हलवत पहिल्या तळावर चालत गेला. यात फटका नसतो, नुसती पिचरची मेहेरबानी असते. तरी रँडलनं पुन्हा वळून थियाकडे बघितलं, आणि मागून कुणीतरी पुटपुटलं, "पांढऱ्या पायाची आहे पोर." पाय पांढराच होता, कारण हातपाय झाडताना तिचा एक मोजा कुठंतरी गळून पडला होता. इलोनानं खुर्चीखाली बघितलं, पिशवीत बघितलं. तीन जोड कपडे होते, पण जास्तीचे मोजे कर्टिसनं बाहेर काढून ठेवले होते. "मोजे कशाला हवेत, एप्रिल आहे," म्हणून. घरी गेल्यावर या विषयावर सविस्तर बोलायचं तिनं ठरवलं आणि तो उघडा पाय आपल्या तळहातात धरला.

दुसऱ्या डावात बर्नी पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, आणायला गेला तो चौथ्यातच उगवला. रांग मोठी होती म्हणाला. शर्टावरच्या मोहरीच्या सॉसवरून दिसत होतं की रांगेतल्या रांगेत दोन हॉट डॉगही झाले होते. आल्या आल्या त्यानं पिचरला धारेवर धरलं. पिचरचा हात आज काही केल्या ताळ्यावर नव्हता. दर डावात एक-दोघं फुकटात तळावर जात होते. एकदा तर अशा दोघांच्या पाठोपाठ एका क्षेत्ररक्षकानं हातातला चेंडू प्रेक्षकांत फेकला आणि समोरच्यांना एक धावही मिळाली.

"हा पिचर आहे का पोस्टमन?" बर्नी ओरडला. "ज्याला त्याला घरपोच तळ देतोय!"

पाचव्या डावात इलोनाच्या काहीतरी लक्षात आलं. फलकावर नाही, माणसांत. कुणी उठत नव्हतं. बिअरच्या तिसऱ्या ग्लासानंतर माणसानं कुठं जायचं असतं हे ठरलेलं असतं, पण डावीकडचा म्हातारा पाय पायांत गुंतवून दगडासारखा बसून होता. रँडल प्रत्येक चेंडूला टोपी उलटी करत होता आणि चेंडू पडला की सुलटी. डोलोरेस दोन शेंगा सोलून एकच दाणा खात होत्या, आणि दुसरा मुठीत जपून ठेवत होत्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. जो तो दुसरीकडेच कुठंतरी बघितल्यासारखं करत होता. इलोनानं असला शांतपणा प्रबंधात एक अख्खं प्रकरण भरून वर्णन केला होता, प्रत्यक्षात कधी बघितला नव्हता. तिनं हळूच फलकाच्या कोपऱ्यातल्या मुंगीएवढ्या धावफलकाकडे नजर टाकली. समोरच्या संघाच्या नावापुढे, फटक्यांच्या घरात, शून्य.

नो-हिटर. अर्थात हा शब्द ती मनातल्या मनातसुद्धा अर्धाच बोलली. चालू असताना तो शब्द उच्चारायचा नसतो. पिचरसमोर नाही, प्रेक्षकांत नाही, रेडिओवर नाही. ज्याला कळलं त्याला कळलं. ज्याला नाही कळलं, त्याचं नशीब. आणि काही बदलायचंही नसतं. जो जसा बसला तसा बसला.

"काय वारा खातोय का तिथं उभा राहून? टाक की धड!" बर्नीचं चालूच होतं.

रँडल वळला. या वेळी डोळ्यांत आदर होता. "आजोबा मुरलेले आहेत," तो इलोनाला हळूच म्हणाला. "अशा दिवशी शिव्याच घालाव्यात. दृष्ट लागत नाही."

इलोनाचाही ऊर भरून आला. बाप तो बाप. इतकी वर्षं ज्यासाठी झुरला ते समोर चाललंय, आणि चेहऱ्यावर रेषही हलू देत नाही!

तेवढ्यात रँडलच्या बुटाखाली शेंगांच्या फोलपटांत मोजा सापडला. त्यानं तो चिमटीत धरून मागे दिला. इलोनानं तो झटकला, पुसला, वास घेतला, पुन्हा पुसला, आणि थियाचा पाय उचलला.

"थांब!" डोलोरेस किंचाळल्या.

"काय झालं?"

"मोजा कधी पडला होता?"

"पहिल्याच डावात."

"म्हणजे तेव्हापासून..." डोलोरेसनी फलकाकडे बघितलं, पटकन नजर फिरवली आणि आभाळाकडे बोट केलं. "तेव्हापासून हवा चांगली आहे."

"फारच छान हवा आहे," रँडल म्हणाला. त्याच्या दाढीत बर्फ साठायचा तेवढा बाकी होता. "हवा बदलायला नको."

"अहो, पण तिला गार लागेल," इलोना म्हणाली.

"घोंगडी घाला की पायावर. घोंगडीबद्दल काही नियम नाही."

"आहे," मागून एक जण म्हणाला. "नवी घोंगडी चालत नाही."

"ही नवी आहे का? ही माझ्या नवऱ्याहून जुनी आहे," डोलोरेसनी आपली घोंगडी अर्धी थियाच्या मांडीवर ओढली. "आणि त्याच्याहून जास्त टिकली."

"कसली छान हवा?" बर्नी मध्येच म्हणाला. "बोटं गळून पडायची वेळ आलीय!"

सगळे गालातल्या गालात हसले. काय अभिनय!

इलोनानं मोजा खिशात टाकला. प्रबंधाला सुवर्णपदक मिळालेल्या, थर्मामीटरवर थर्मामीटर बाळगणाऱ्या एका आईनं एप्रिलच्या वाऱ्यात स्वतःच्या लेकीचा पाय उघडा ठेवला, तोही एका अनोळखी पिचरच्या भल्यासाठी. वर थियाची एका बाजूला घसरलेली टोपी सरळ करतानासुद्धा तिचा हात क्षणभर अडला. टोपी पहिल्या डावात अशीच होती का?

आता थिया सगळ्यांची लाडकी झाली. सहाव्या डावात तिला झोप लागली तेव्हा रांगेत खळबळ उडाली. झोपू द्यावं की नाही? जागी असताना हवा चांगली होती. शेवटी असं ठरलं की बाळ स्वतःहून झोपलं तर तो बदल धरत नाहीत, उठवलं तर धरतात. इलोनानं मुलीच्या गालाला हात लावला. गाल गरम लागला. थर्मामीटर काढला.

"किती?" बर्नीनं विचारलं.

"नव्याण्णव."

तो आकडा बर्नीच्या ओळखीचा होता.

इलोनाच्या मनात झुंबड उडाली. नव्याण्णव म्हणजे काहीच नाही, नर्सनं शंभरदा सांगितलंय. घोंगडीची ऊब आहे, तीन थर आहेत, झोपलेलं मूल कोमटच लागतं. पण वाढला तर? वाढला तर उठावं लागेल. मग लोक काय म्हणतील ते म्हणोत. पण डॅड? आयुष्यात दुसऱ्यांदा नशीब त्याच्या दारात आलंय आणि दुसऱ्यांदा एक पोर आडवी येणार. तिनं पुन्हा मोजलं. नव्याण्णव. पुन्हा. नव्याण्णव. देवा, नव्याण्णवलाच राहू दे.

सातव्या डावाच्या मध्यावर सगळं मैदान रिवाजाप्रमाणे उभं राहून गायलं. त्यांची रांगसुद्धा गायली, पण पाय जागचे न हलवता, रोवलेल्या खांबांसारखी. मग पाइक्सनी आपली फलंदाजी उरकली आणि सातवा डाव संपला. पिचरनं आणखी सहा जणांना बाद केलं की झालं. कुणी श्वास घेत नव्हतं.

आणि बर्नी उठला.

त्यानं टोपी नीट केली, खिशातून गाडीची किल्ली काढली, रिकाम्या पुड्याची सुबक घडी केली. अगदी एकोणीस मैदानांवर केली तशी.

"आजोबा, कुठं?" रँडलचा आवाज चिरकला.

"गाडीकडे. उत्तरेच्या फाटकावर आत्ता कुत्रं नसेल. अर्ध्या तासानं मुंगी शिरणार नाही."

"पण... पण हवा!"

"हवेचंच म्हणतोय मी. लेकरू गारठलंय." तो डोलोरेसकडे वळला आणि त्याचा आवाज एकदम थँक्सगिव्हिंगचा झाला. "नातीला ताप आहे हो. मॅच काय, पुन्हा येतील. आजोबा म्हणून काही कर्तव्य असतं."

इलोना बापाकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती दुनियेतल्या लोकांचे चेहरे वाचत आली होती, पण ज्याच्या शेजारी बसून ते वाचले त्याचा एकदाही नाही. आता वाचला. त्यावर अभिनय नव्हता. दुःख नव्हतं, घालमेल नव्हती. फाटक होतं. नुसतं उत्तरेचं फाटक.

त्याला माहीतच नव्हतं.

पोस्टमन म्हणून शिव्या घातल्या त्या मनापासून घातल्या होत्या. दोन डाव तो मोहरीच्या रांगेत होता, फलकाकडे बघायचं नाही ही प्रतिज्ञा होती, आणि कुणी सांगितलं नाही, कारण कुणी सांगायचंच नसतं. मग त्या दिवशी तरी कुणी सांगितलं असेल? जुन्या मैदानावर, चार वर्षांच्या पोरीला खांद्यावर टाकून हा असाच किल्ली खुळखुळवत निघाला असेल, आणि अख्खी रांग तोंडात मूठ घालून बघत राहिली असेल. मग गाडीतल्या रेडिओवर शेवट ऐकला असेल. आणि घर येईपर्यंत बिचाऱ्याला ताप सुचला असेल.

क्रॅनबेरीची चटणी. आई उगीच आत जात नव्हती.

"चल, इली. पिशवी मी घेतो," बर्नी म्हणाला. "नव्याण्णव आहे ना? अगदी तुझ्यासारखीच आहे बघ." आणि त्यानं थियाच्या गालाला मायेनं बोट लावलं.

त्या बोटाखाली इलोनाला पुढची सगळी थँक्सगिव्हिंगं दिसली. थिया चार वर्षांची, ताप शंभर. थिया दहाची, ताप एकशे दोन. थिया नवरीच्या पोशाखात, ताप एकशे चार, आणि नव्या व्याह्यांची कुणी मावशी डोळे पुसतेय.

तिनं हनुवटीनं फलकाकडे खूण केली. "डॅड, ते बघ."

बर्नीनं नाइलाजानं मान वळवली. फलकावर नेमका कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तपकिरी सोफा पसरला होता. "सोफा?" तो म्हणाला. "आहे की घरी. चल."

डोलोरेसनी इलोनाचा दंड धरला. त्यांना तिचा चेहरा वाचता आला असावा. "नको," त्या नुसत्या ओठांनी म्हणाल्या. "जाऊ दे त्याला."

जाऊ देता आलं असतं. तो गेला असता, ती बसली असती, आणि जन्मात एकदा नववा डाव बघितला असता. पण मग ती गोष्ट तो म्हणेल तशीच राहिली असती.

"डॅड," इलोना म्हणाली, नेहमीच्या आवाजात, मीठ मागावं तशी, "नो-हिटर चालू आहे. खाली बस."

डोलोरेसच्या मुठीत जपलेले सगळे दाणे खाली सांडले. रँडलनं टोपी काढून छातीशी धरली.

"ती बोलली?" मागच्या रांगेत कुणीतरी विचारलं.

"बोलली."

"शब्द?"

"अख्खा."

बर्नी बसला. सोफा गेला आणि कोपऱ्यातलं शून्य पुन्हा दिसायला लागलं. तो त्याकडे बघत राहिला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"पहिल्या चेंडूपासून. ते मधूनच नाही सुरू होत, डॅड."

आठवा डाव सुरू झाला. पहिल्याच बॅटरनं बॅट फिरवली ती चुकल्यातच जमा होती. चेंडू बॅटच्या कडेला लागून टेनिसच्या चेंडूसारखा उगाच वर गेला, आणि तीन क्षेत्ररक्षक त्याच्याकडे धावले, आणि तिघांनी एकमेकांना "तू घे" म्हटलं, आणि तो त्यांच्या मधोमध गवतावर, मांजराच्या पिल्लासारखा, अलगद पडला. फटका. फलकावर शून्याचा एक झाला.

अख्खं मैदान पिचरसाठी उभं राहून टाळ्या वाजवत होतं. एक रांग सोडून. ती रांग इलोनाकडे बघत होती.

डोलोरेसनी आपली घोंगडी थियाच्या मांडीवरून उचलली, घडी केली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली. "माझा नवरा या जागेवर बसून मेला," त्या म्हणाल्या, "पण त्यानंसुद्धा असं केलं नाही."

"शिकल्यासवरल्या दिसता, मॅडम," रँडल म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

"आता पोरीला मोजा तरी घाला," मागचा माणूस म्हणाला. "आता काय राहिलंय?"

बर्नीचा आवाज परत आला. आला तो जुन्याच वाटेनं आला. "इली, म्हणजे आयुष्यात दुसऱ्यांदा तू मला..."

"पहिल्यांदा मी नव्हते, डॅड."

बर्नीनं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"तुला कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "त्या दिवशीसुद्धा. कुणी सांगतच नाही. म्हणून आज सांगितलं."

बर्नी मैदानाकडे बघत राहिला. मग त्यानं हात पुढे केला. इलोनानं खिशातून मोजा काढून दिला. त्यानं तो थियाच्या पायात चढवला, टाच वर आणि बोटं खाली असा. तिनं काही तो सरळ केला नाही, आणि हे तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच घडलं.

उत्तरेच्या फाटकाचा विषय पुन्हा निघाला नाही. ते नववा डाव संपेपर्यंत बसले. पाइक्स जिंकले, तीन विरुद्ध एकनं. आकाशात फटाके उडाले. थिया दचकून उठली, रडली, मग फटाके बघून गप्प झाली.

"हे दरवेळी उडवतात?" बर्नीनं विचारलं.

"मला काय माहीत?" इलोना म्हणाली.

गाड्यांच्या तळावर मुंगी शिरायला जागा नव्हती, हे मात्र त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं. सूर्य सरोवराकडे उतरत होता आणि हजारभर गाड्या भोंगे वाजवत एकाच जागी उभ्या होत्या. शेजारच्या ओळीत रँडलचा ट्रक होता. त्यानं इलोनाला बघितलं आणि काच वर केली. इलोनानं मागच्या सीटवर थियाचा ताप मोजला. साडेअठ्ठ्याण्णव. दुसऱ्या थर्मामीटरनंही तेवढाच.

रेडिओ बंद होता. ऐकायचं काही उरलंच नव्हतं.

"त्या जुन्या मैदानाला," बर्नी शेवटी स्टिअरिंगला उद्देशून म्हणाला, "गाडी बाहेर काढायला एकच फाटक होतं."

"हं."

"एकच. तू आत्ताचं बघतेस. तेव्हाचं बघितलं असतंस तर तूही उठली असतीस."

"मी तिथंच होते, डॅड."

"हो. होतीस." त्यानं काचेवरचा नसलेला डाग बोटानं पुसला. "रडत होतीस. तेवढं खरं आहे. घरी आलो तेव्हा रडून रडून लाल झाली होतीस."

"का?"

"हॉट डॉग अर्धा राहिला होता तुझा. मी हातातून काढून घेतला. घाई होती."

इलोनाला हसू आलं, आणि ते थांबेचना. थियानं आईकडे बघितलं आणि तीही हसायला लागली. कशाला ते तिला माहीत नव्हतं, पण तिला तेवढं पुरायचं.

"हसा," बर्नी म्हणाला. "आता थँक्सगिव्हिंगला मी काय सांगायचं? लोक वाट बघत असतात."

"हेच सांग. फाटकासकट."

"तुझ्या आईसमोर?"

"आईसमोरच. यंदा ती चटणी आणायला उठणार नाही."

पुढची गाडी हातभर सरकली. बर्नीनं हॉर्न वाजवला नाही. त्यानंही हातभर सरकवली, आणि पुन्हा ब्रेक लावला.